अंगाई कुणाची?

काही गाणी आपण ऐकत नाही, ती नुसती चालू असतात. रात्री उशिरा बग शोधताना हेडफोनमध्ये, लांबच्या प्रवासात खिडकीला डोकं टेकवून... माझ्यासाठी असं एक गाणं म्हणजे डीप फॉरेस्टचं 'स्वीट ललबाय'. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी केबल होती त्यांना नाव आठवलं नाही तरी गाणं ऐकल्यावर लगेच ओळखू येईल. मागे धुक्यासारखा पसरलेला सिंथेसायझर, मग एका बाईचा आवाज, मग हळूच सुरू होणारा ताल. व्हिडिओत एक छोटी मुलगी तीनचाकी सायकलवरून अख्खं जग फिरते. (तो व्हिडिओ आपल्या तरसेम सिंगने केलेला, हे मला बऱ्याच नंतर कळलं.)

शब्द एकही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कळायला हवा असं कधी वाटलंही नाही. अल्बमचं नाव 'घनदाट जंगल', कव्हरवरच्या मजकुरात मध्य आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांबद्दल काहीबाही. म्हणजे आवाज आफ्रिकेतला असणार, हे गृहीतच धरलं. माझ्या कॉम्प्युटरवर कितीतरी वर्षं हे गाणं 'आफ्रिका' नावाच्या फोल्डरमध्ये होतं.

तर ते चुकीच्या फोल्डरमध्ये होतं! थोडंथोडकं नाही, १५ हजार किलोमीटरहून जास्त चुकलेलं.

तो आवाज आहे अफुनाक्वा नावाच्या बाईचा. ती प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांपैकी मलैता या बेटावर राहायची. तिथल्या बाएगु लोकांची ही अंगाई, नाव 'रोरोग्वेला'. ह्यूगो झेंप नावाच्या संशोधकाने १९७०च्या सुमारास तिथे जाऊन ती टेपवर उतरवून घेतली. जगभरच्या लोकसंगीताचा अभ्यास करणारे हे गृहस्थ मूळचे स्वित्झर्लंडचे. १९७३ साली युनेस्कोच्या संगीतमालेत मलैताच्या संगीताची एक एलपी निघाली, त्यात ही अंगाई होती. १९९०मध्ये तीच सीडीवर आली. झेंप यांनी काम चोख केलं होतं. कोण गातंय, कुठल्या लोकांचं गाणं आहे, अर्थ काय, सगळं पाकिटावर छापलेलं.

आणि अर्थ ऐकाल तर गाणं पुन्हा पहिल्यासारखं ऐकू येणार नाही. एक अनाथ मूल आपल्या रडणाऱ्या धाकट्या भावंडाची समजूत काढतंय. आईबाप दोघंही गेलेत. आता कडेवर घेणारं मीच एक, आणि गेलेली माणसं तिकडून आपल्यावर लक्ष ठेवून आहेत, असा साधारण आशय. आपल्याकडेसुद्धा अंगाईत आणि ओवीत बायका आपलं दुःखच सांगत आल्या, त्यामुळे मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. नवल एवढंच की हे गाणं मी 'रिलॅक्स' व्हायला ऐकत होतो.

१९९२मध्ये एरिक मूके आणि मिशेल सांचेझ या दोन फ्रेंच संगीतकारांनी 'डीप फॉरेस्ट' हा अल्बम काढला. लाखो प्रती खपल्या. 'स्वीट ललबाय' ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहात गेलं. शाम्पूपासून मोटारीपर्यंत कशाकशाच्या जाहिरातींत वाजलं. अल्बमवर युनेस्कोचे आणि झेंप यांचे आभार आहेत. अफुनाक्वाचं नाव नाही. विक्रीतला काही भाग आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांच्या मदतनिधीला जाणार असंही जाहीर केलं होतं. हेतू वाईट नसेलही, पण गंमत बघा, गाणं मलैताचं आणि मदत भलत्याच खंडाला.

आता थोडं आमच्या धंद्यातलं. कारण हे असं का झालं याचं अर्धं उत्तर मला तंत्रज्ञानात सापडतं.

जगातले पारंपरिक आवाज यंत्रसंगीतात मिसळायची हौस जुनीच. १९८१ साली ब्रायन ईनो आणि डेव्हिड बर्न यांनी 'माय लाइफ इन द बुश ऑफ घोस्ट्स' हा अल्बम काढला. त्यात लेबनॉनच्या एका गायिकेचा आवाज आहे, रेडिओवरच्या धर्मोपदेशकांचे आवाज आहेत. तेव्हा हे सगळं टेपवर, हाताने जुळवून करावं लागे. आवाज आणि ताल जुळला तर जुळला. तसं फेअरलाइट हे ऑस्ट्रेलियन यंत्र १९७९मध्येच आलं होतं. कुठलाही आवाज त्यात भरायचा आणि पियानोसारख्या पट्टीवर वाजवायचा! पण किंमत एखाद्या घराएवढी. सर्वसामान्य संगीतकाराच्या हातात सॅम्पलर यायला ऐंशीचं दशक संपत यावं लागलं. १९८८चा अकाई एस१००० हा त्यातला नावाजलेला.

या अकाईची मेमरी किती? मूळ मशिनमध्ये २ एमबी. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना २ बाइट्सचा. एका चॅनलला सेकंदाला ८८,२०० बाइट्स लागले. करा भागाकार. चोवीस सेकंदसुद्धा होत नाहीत. मेमरी वाढवता यायची, पण ती महाग. म्हणजे यंत्राचा स्वभावच असा की अख्खं गाणं घ्यायचं नाही, त्यातली एक गोड ओळ कापायची. आधीचा श्वास, पुढची कडवी, पोराचं रडणं, मागचा कोंबडा, सगळं छाटून टाकायचं. मग ती ओळ सुरात बसवायची, तालाला बांधायची आणि पुन्हा पुन्हा फिरवायची.

आणि नाव? नाव एलपीच्या पाकिटावर होतं. रेकॉर्ड प्लेअरपासून सॅम्पलरपर्यंत जी वायर जाते तिच्यातून फक्त आवाज जातो, पाकीट जात नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा कॉपी झाला, मेटाडेटा मागे राहिला. मरी शेफर या कॅनडाच्या संगीतकाराने, ध्वनिमुद्रणामुळे आवाज त्याच्या मूळ माणसापासून तुटतो या गोष्टीला १९६९ सालीच एक नाव दिलं होतं: 'स्किझोफोनिया'. शब्द मुद्दाम आजारासारखा वाटावा असा निवडलेला.

नाव गळालं की काय होतं याचा नमुना लगेच १९९६मध्ये मिळाला. नॉर्वेचा विख्यात सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक याच्या 'व्हिजिबल वर्ल्ड' या अल्बममध्ये हीच चाल आली. शीर्षक 'पिग्मी ललबाय', आणि चाल आफ्रिकेतली पारंपरिक असल्याची नोंद. त्याने आवाज उचलला नव्हता, फक्त सूर सॅक्सोफोनवर वाजवले. पण डीप फॉरेस्टवरून जो समज झाला तो तसाच्या तसा पुढे गेला. चुकीची कॉमेंट असलेला कोड कुणीतरी कॉपी करतो, दुसरा त्या कॉमेंटवर विश्वास ठेवून अख्खं मोड्यूल लिहितो, तसंच.

त्याच वर्षी झेंप यांनी एका संशोधनपत्रिकेत या सगळ्याची जाहीर तक्रार मांडली. हे गाणं वापरायला आपण परवानगी दिलेलीच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. पुढे २०००मध्ये स्टीव्हन फेल्ड या अमेरिकन अभ्यासकाने त्यावर मोठा निबंध लिहिला आणि अफुनाक्वाचं नाव अभ्यासकांच्या वर्तुळात तरी नीट नोंदलं गेलं. मला मात्र एक गोष्ट खटकते. भांडण कुणाकुणात चाललं होतं? संशोधक, संस्था आणि संगीतकार. ज्या बाईचा आवाज होता तिला कुणी विचारलं का, हा प्रश्न त्यात सगळ्यात शेवटी येतो.

कायदा काय म्हणतो? तर इथेच खरी मेख आहे. एका ध्वनिमुद्रणात दोन वेगळ्या गोष्टी असतात, चाल आणि रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगला मालक असतो, बहुतेक वेळा कंपनी किंवा संस्था. चालीला मालक तिचा रचनाकार. पण चाल 'पारंपरिक' असली की रचनाकार कोणी नाही, आणि कोणी नाही म्हणजे ती सगळ्यांची, घ्या आणि वापरा. गाणारी बाई या दोन्ही रकान्यांत बसत नाही.

हे सगळीकडे असंच संपतं असं मात्र नाही. त्याच काळातलं दुसरं गाणं आठवा, एनिग्माचं 'रिटर्न टू इनोसन्स'. सुरुवातीलाच एका म्हाताऱ्याचा मोकळा, डोंगरावरून यावा तसा आवाज आहे. मायकल क्रेटूचं १९९३चं हे गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. तो आवाज दिफांग यांचा. तैवानच्या पूर्वेकडे राहणाऱ्या आमिस या आदिवासी जमातीतले हे शेतकरी. १९८८मध्ये ते आणि त्यांची पत्नी इगाय एका सांस्कृतिक पथकाबरोबर फ्रान्सला गेले होते. तिथल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग झालं, त्याची सीडी निघाली आणि ती क्रेटूच्या हाती लागली. गाणं कुठलं? वडीलधाऱ्या मंडळींनी एकत्र बसून दारू पिताना म्हणायचं! जगाने ते निरागसतेचं गाणं म्हणून डोक्यावर घेतलं.

१९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारात हे गाणं वाजलं आणि तैवानमध्ये बोभाटा झाला. १९९८मध्ये दिफांग आणि इगाय यांनी खटला भरला. हे रेकॉर्डिंग सार्वजनिक मालकीचं आहे असं आपल्याला सांगण्यात आलं होतं, असं क्रेटूचं म्हणणं. १९९९मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. पैसे मिळाले, आणि यापुढे गाण्यावर दोघांचं नाव येईल असंही ठरलं. दिफांग २००२मध्ये वारले, पण वारले ते नाव असलेला गायक म्हणून. उतारवयात त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचा अल्बमही निघाला होता.

दोन गोष्टींतला फरक बघा. दिफांग हयात होते, त्यांना त्यांचाच आवाज ऐकू आला, आणि आजूबाजूला खटला चालवू शकेल असा देश होता. मलैतावरच्या म्हातारीकडे यातलं काय होतं?

याचं उत्तर मिळालं एका भलत्याच माणसामुळे. मॅट हार्डिंग हा अमेरिकन, आमच्यातलाच एक. व्हिडिओ गेम बनवायचं काम सोडून जग फिरायला निघाला आणि प्रत्येक ठिकाणी तोच एक वेडगळ नाच करत स्वतःचं शूटिंग करत गेला. २००६चा त्याचा व्हिडिओ ऑफिसातल्या सगळ्यांनी एकमेकांना पाठवला होता, आठवतंय? मागे वाजत होतं तेच, 'स्वीट ललबाय'. पुढे त्याला या आवाजाची गोष्ट कळली, आणि २००७मध्ये तो सॉलोमन बेटांवर गेला, अफुनाक्वाला शोधायला. तिचे नातलग भेटले. अफुनाक्वा मात्र १९९८मध्येच गेली होती.

हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ नुसता बसून होतो. आता 'कोण चोर' असं विचाराल तर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. डीप फॉरेस्ट नसतं तर युनेस्कोची ती एलपी माझ्यासारख्याच्या हाती जन्मात लागली नसती. झेंप यांनी सगळं शास्त्रशुद्ध छापलं, पण ते ग्रंथालयाच्या कपाटात राहिलं. मूके-सांचेझनी नाव टाकून दिलं, पण आवाज घरोघरी नेला. मिसळूच नका असं मी म्हणणार नाही. संगीत मिसळतच वाढतं. आपली नाट्यसंगीताची पेटीसुद्धा युरोपातूनच आली की.

पण नाव ठेवायला पैसे लागत नाहीत.

नोकरीतल्या पहिल्या वर्षी मी एका मुक्त प्रकल्पातली फाइल उचलून आमच्या कोडमध्ये टाकली होती. वरच्या आठ-दहा ओळींत लिहिणाऱ्याचं नाव आणि लायसन्स होतं, ते 'फालतू कॉमेंट' म्हणून उडवलं. आमच्या सीनियरने रिव्ह्यूमध्ये पकडलं आणि सगळ्यांसमोर एवढंच विचारलं, "फाइल फुकट मिळाली ना? मग त्याच्या बदल्यात त्याने काय मागितलं होतं?" त्याने फक्त नाव मागितलं होतं. कान लाल झाले होते माझे. तेव्हापासून ती वरची ओळ मी उडवत नाही.

जाता जाता, त्या अकाईबद्दल एक राहिलंच. सॅम्पल सेव्ह करताना त्याला नाव द्यायला १२ अक्षरांची जागा असायची. डीप फॉरेस्टने कुठलं मशिन वापरलं ते सोडा, पण मी रोमन लिपीत बोटांवर मोजून पाहिलं. अफुनाक्वा, आठ अक्षरं. आरामात बसलं असतं.

काल मी ते गाणं 'आफ्रिका' फोल्डरमधून काढलं. गायकाच्या रकान्यात डीप फॉरेस्टच्या आधी तिचं नाव लिहिलं. जगात एवढ्याने काही बदलत नाही, ठाऊक आहे. पण आता गाणं लागलं की स्क्रीनवर ते नाव येतं, आणि हातातलं काम क्षणभर थांबतं.