आज्ञापत्रातली रयत

कशेडीचा घाट उतरून पोलादपूर, महाडकडे येताना आंबा-फणस दिसतात. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या आज्ञापत्रात याच झाडांविषयी बजावले आहे: आरमाराला लाकूड हवे, तरी रयतेने लेकरांसारखी वाढवलेली ही झाडे तोडू नयेत, जीर्ण झालेले झाड धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. हॉब्ज-लॉक शिकविणारे आम्ही अध्यापक हे क्वचितच शिकवतो!

पण या रयतेत गावकुसाबाहेरचा माणूस कुठे बसतो? वतनदार म्हणजे राज्याचे दायाद, हिस्सेदार भाऊबंद, हे अमात्यांनी अचूक ओळखले होते. त्यांची गुर्मीही ओळखली होती. तरी उपाय कोणता? वृत्ती वाढवू नयेत, हिरावूही नयेत. याच वतनी रचनेच्या तळाशी महारकी होती. नाव वतनाचे, वाट्याला वेठ.

25 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी 1789 च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला, आज्ञापत्राचा नव्हे. पुढच्याच वर्षी 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल त्यांनी मुंबई कायदेमंडळात मांडले. महारकी मोडण्यासाठी मात्र 1958 चा कायदा यावा लागला.