शाहूंच्या 1919 च्या कायद्यापासून संरक्षण आदेशापर्यंत

राजर्षी शाहू महाराजांचे नाव निघाले की आपल्याकडे 1902 चे 50 टक्के आरक्षण आणि 1920 ची माणगाव परिषद यावर भाषण संपते. 26 जूनला दसरा चौकात हार घालणाऱ्या किती तरुणांना ठाऊक आहे की याच राजाने 1919 साली कोल्हापूर संस्थानात स्त्रियांचा क्रूरपणे छळ करण्याविरुद्ध कायदा केला होता? त्याच वर्षी त्यांनी आंतरजातीय विवाहालाही कायद्याने मान्यता दिली. आमच्या मते हा योगायोग नाही. जात टिकते ती बाईवरच्या ताब्यातून, हे शाहूंनी ओळखले होते.

नवऱ्याने बायकोला मारणे हा ज्या समाजात धर्माने दिलेला हक्क समजला जात होता, तिथे राजाने त्याला गुन्हा ठरवले. ब्रिटिश मुलखात 1860 ची दंडसंहिता होती, पण त्यात बायकोच्या छळासाठी वेगळे कलम नव्हते. ते 498-अ या रूपाने आले 1983 मध्ये. म्हणजे कोल्हापूरनंतर तब्बल 64 वर्षांनी!

पण शिक्षेच्या कायद्याची एक मर्यादा असते. नवरा आत गेला तर बाईने राहायचे कुठे, खायचे काय? बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात नेमका हाच प्रश्न हाती घेतला: घटस्फोट, पोटगी आणि मालमत्तेत हक्क. ते बिल रखडवले गेले आणि सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागे इतरही कारणे होती, हे मान्य. पण बाईच्या हक्कासाठी खुर्ची सोडणारा दुसरा कायदामंत्री आम्हाला तरी दिसत नाही.

26 ऑक्टोबर 2006 पासून कौटुंबिक हिंसाचार कायदा लागू झाला. त्याच्या कलम 18 खाली न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतात: मारायचे नाही, धमकवायचे नाही, तिच्या कामाच्या जागी जायचे नाही. कलम 19 म्हणते, तिला घराबाहेर काढायचे नाही, घर कुणाच्याही नावावर असो. सासूच्या नावावरचे घर डिसेंबर 2006 च्या बत्रा निकालाने यातून वगळले होते. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला.

आता वस्तीत काय चालते ते पाहा. भिंतीवर बाबासाहेब, शाहू, फुले, आणि मार खाल्लेल्या बाईला पाच माणसे बसून सांगतात, "जाऊ दे ताई, पोरांकडे बघ." तिला कागद हवा असतो, मिळते ती समजूत. मग ती माहेरी जाते आणि आठ दिवसांनी परत त्याच घरात.

तो कागद मिळवायला कार्यकर्ताही मदत करू शकतो. कलम 12 चा अर्ज तिच्या वतीने कोणीही करू शकते, संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही करता येतो. पहिली सुनावणी साधारणपणे 3 दिवसांत ठेवायची असते. धोका असेल तर कलम 23 खाली नवऱ्याला न ऐकताही अंतरिम आदेश निघतो. आदेशाची प्रत फुकट मिळते आणि ती पोलीस ठाण्यालाही जाते. आदेश मोडला तर 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.