तबकडीवरचा कुत्रा आणि आवाजाचा धनी

ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीवर मधोमध एक गोल कागद चिकटवलेला असे आणि त्यावर कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा. कंपनीचे ब्रीद होते ‘हिज मास्टर्स व्हॉइस’, म्हणजे ‘धन्याचा आवाज’. पण लोक सरळ म्हणत, ‘कुत्रा छाप द्या.’

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीत उर्दू, घरात मराठी, आणि तबकडीवर पुष्कळदा इंग्रजी अक्षरे. ज्याला यांतले एकही वाचता येत नसे, त्याला चित्र मात्र वाचता येई. व्यापारी छापाचे बळ ते हेच.

हे चित्र आले कुठून? इंग्लंडात फ्रान्सिस बॅरॉ नावाचे चित्रकार होते. त्यांच्या दिवंगत भावाचा निपर नावाचा कुत्रा त्यांनी आठवणीने रंगवला, तो फोनोग्राफ ऐकताना. फोनोग्राफ म्हणजे मेणाच्या नळकांड्याचे यंत्र. १८९९ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने ते चित्र घेण्याची तयारी दाखवली, पण एका अटीवर: फोनोग्राफ पुसून तिथे आमचे यंत्र काढा. बॅरॉंनी तसे केले. चित्राचे ५० आणि हक्कांचे ५० मिळून १०० पौंड त्यांना मिळाले.

आता यातली मेख पाहा. फोनोग्राफवर घरबसल्या आपला आवाज भरता येई आणि परत ऐकताही येई. म्हणून त्याच्यापुढे बसलेल्या कुत्र्याला धन्याचा आवाज ऐकू येणे शक्य होते. ग्रामोफोन फक्त वाजवी. आवाज भरायचा तो कंपनीने. यंत्र बदलले, तसा चित्रातला धनीही बदलला.

कंपनीची पहिली खूण कुत्रा नव्हती. पिसाच्या लेखणीने तबकडीवर लिहिणारा देवदूत ही ती खूण. इंग्लंडात १९०९ पासून तबकड्यांवर कुत्रा आला, पुढे आपल्याकडेही. त्याआधीच, १९०२ साली, कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरी. तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावे, म्हणून गाणारी व्यक्ती शेवटी आपले नाव सांगे. १९०८ साली कलकत्त्यास कारखाना निघाला, आणि आपल्याच देशातली लाख वापरून इथे तबकड्या होऊ लागल्या.

दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तासभर चालणारा राग तिच्यात कसा मावणार? गवयांनी तो आटोपशीर केला. मराठी भावगीताला मात्र हे माप अगदी बेतून शिवल्यासारखे बसले. नागपूरकडचे वकील ग. ना. जोशी आधी स्वतः भावगीते गायले आणि १९३८ पासून याच कंपनीत मुद्रणाचे काम पाहू लागले. गंगूबाई हंगल यांच्या आरंभीच्या तबकड्यांवर नाव आहे ‘गांधारी हंगल’. छाप कायम राहिला, गाणाऱ्याचे नाव मात्र बदललेले सापडते.

कंपनीने भांडवल घातले, गावोगाव दुकाने जोडली, हे खरेच. तिच्यामुळेच बड्या शहरातले गाणे खेड्यापर्यंत आले. भारतातली ही कंपनी २००० सालापासून ‘सारेगामा’ म्हणवते. धंद्याची नावे अशी बदलतात, त्यात वावगे काही नाही. पण लाखेची तबकडी हातून पडली की फुटते, आणि तिच्यावरचा गाणारा कायमचा मुका होतो.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावातल्या वाड्यात, माळ्यावर अशा तबकड्या निघाल्या, तर भंगारात जाण्याआधी मुलांकडून एक वही करून घ्या. गाणाऱ्याचे नाव जसे छापले असेल तसेच, गाण्याचे पहिले शब्द आणि तबकडीचा क्रमांक, एवढे उतरवून ठेवा. कुत्रा साऱ्या जगाने ओळखला. आवाजाचा खरा धनी कोण, हे आपण लिहून ठेवू या.