टँकर भरताना व्हॉल्व किती उघडायचा, किती सावकाश बंद करायचा

पांढुर्णा आणि सौंसरच्या संत्रा पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यात विहिरींनी तळ गाठला की झाडं वाचवायला टँकर लागतो. आंबिया बहाराची फळं तेव्हा झाडावर असतात, ताण बसला की गळ सुरू होते. टँकर भरायची सोय बहुतेक ठिकाणी साधीच असते: बोअर किंवा विहिरीवर मोटार, तिथून रस्त्यापर्यंत पीव्हीसी पाइप, शेवटी एक व्हॉल्व आणि होज. नुकसान मात्र बरेचदा याच शेवटच्या व्हॉल्वपाशी होते.

आधी प्रवाह मोजावा. २०० लिटरचा ड्रम लावा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. ड्रम ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर पाणी येतंय, म्हणजे ५,००० लिटरच्या टँकरला साधारण १७ मिनिटं. बोअर तेवढं पाणी देत नसेल तर थोड्या वेळाने धार तुटक येते, हवा मिसळते. अशा वेळी धार सलग होईपर्यंत व्हॉल्व दाबावा. दाबायचा तो नेहमी डिलिव्हरीच्या बाजूचा. विहिरीवरच्या पंपाची सक्शनची वाट कधी आवळू नये, पंप आतून खराब होतो.

सबमर्सिबलला उलटीही भानगड असते. व्हॉल्व पूर्ण मोकळा सोडला आणि वर चढ कमी असला तर मोटार गरजेपेक्षा जास्त अँपिअर ओढते. म्हणून स्टार्टरवरचा अँपिअर मीटर पाहत पाहत व्हॉल्व आवळावा आणि काटा मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याच्या आत ठेवावा. तो बिंदू सापडला की बंद स्थितीपासून चाकाचे किती फेरे झाले ते मोजून रंगाची खूण करावी. पण व्हॉल्व पुरता बंद करून सबमर्सिबल चालू ठेवू नये, कारण मोटार थंड होते ती बाजूने वाहणाऱ्या पाण्यानेच.

खरी गोची बंद करताना होते. टँकर काठोकाठ आला की ड्रायव्हर ओरडतो आणि पोरगा बॉल व्हॉल्वची दांडी खटकन आडवी करतो. पाइपात धावणारं पाणी एकदम थांबतं आणि त्याचा फटका मागे जातो. यालाच वॉटर हॅमर म्हणतात. पीव्हीसीत सेकंदाला १ मीटर वेग अचानक थांबला तर दाब ढोबळमानाने ४ किलोने चढतो. ७५ मिमीच्या पाइपातून ५ लिटर जात असतील तर वेग सव्वा मीटरच्या वर असतो, म्हणजे फटका ५ किलोचा. त्यात पंपाचा स्वतःचा ३ किलो दाब धरला की ८ होतात. पाइप ४ किंवा ६ किलोचा असेल तर आधी सांधे सुटतात, मग पाइप फाटतो.

पाइप ६०० मीटर लांब असेल तर हा फटका मागे जाऊन परत यायला सुमारे ३ सेकंद लागतात. त्याच्या आत बंद केलेला व्हॉल्व अचानकच बंद केल्यासारखा. त्यामुळे १५ ते २० सेकंद तरी घ्यावेत. शेवटचा पाव भाग तर अगदी रेंगाळत, कारण प्रवाह तिथेच कापला जातो. भरणीच्या जागी बॉल व्हॉल्वपेक्षा चाकाचा गेट व्हॉल्व बरा. तो चिडूनही पटकन बंद होत नाही.

पाण्याच्या दाबावर आपोआप चालणाऱ्या पडद्याच्या व्हॉल्ववर दोन जागा असतात. पायलटच्या स्क्रूने प्रवाह ठरतो आणि छोट्या सुई-व्हॉल्वने बंद होण्याचा वेग. स्क्रू एका वेळी अर्धा फेराच फिरवावा, ड्रमने मोजावं, मग पुढचा अर्धा. सुईची वाट गाळाने तुंबली की सगळी सेटिंग बिघडते, म्हणून तिथली जाळी धुवावी.

डिझेल-पेट्रोलचे टँकर भरतात तिथे हाच हिशेब जिवावरचा असतो. वाहत्या इंधनात स्थिर वीज साचते. म्हणून भरणीची नळी तळाशी बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत, नंतर वाढवला तरी ७ मीटरच्या आत ठेवतात. शेवटी पुन्हा कमी करून बंद करतात. दोन टप्प्यांचा व्हॉल्व असतो तो यासाठीच. अर्थिंगचा चिमटा मात्र पहिला थेंब पडण्याआधी लावायचा आणि नळी निघाल्यावरच काढायचा.