काचेवरचे ठिपके

विरळ वायूच्या नळीतून वीज खेळविली की ऋणाग्राचा धातू झिजतो आणि त्याचे कण आसपास जाऊन बसतात, ही गोष्ट ब्रिटिश शास्त्रज्ञ ग्रोव्ह यांनी १८५२ साली नमूद केली. पुढे या झिजेला उपद्रव मानणारे पुष्कळ झाले, तसे तिच्या साहाय्याने आरशांवर मुलामा चढविणारेही निघाले. पण वायूचा विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन, धातूवर आदळला असता अणू सुटतो कसा? आघाताच्या जागी धातू क्षणभर तापून त्याची वाफ होते, असे एक वजनदार मत होते.

या मताला धक्का बसला तो १९५५ साली. वेनर यांनी धातूच्या एकसंध स्फटिकावर पाऱ्याचे मंदगती आयन सोडले. वाफ असती तर तिने दिशा पाहिली नसती. प्रत्यक्षात उडालेला धातू समोर ठराविक जागी ठिपक्यांच्या रूपाने साचला, आणि स्फटिकात अणू ज्या दिशांनी एकमेकांना सर्वांत जवळ असतात, त्याच दिशांना हे ठिपके होते!

१९५७ मध्ये सिल्सबी यांनी एक सुंदर कल्पना मांडली. कॅरमच्या सोंगट्या एका ओळीत चिकटवून ठेवाव्या व टोकाच्या सोंगटीला स्ट्रायकर मारावा, म्हणजे पलीकडची शेवटची तेवढी सुटते. तसा धक्का अणूंच्या रांगेतून सरळ होत होत पुढे जातो. मग काय, आतून निघालेल्या अशा धक्क्यांनीच पृष्ठावरचे अणू उडतात, असे पुष्कळांना वाटू लागले. आम्हांलाही ही कल्पना प्रथमदर्शनी पटतेच. १९६० साली ब्रुकहेव्हन येथे व्हिनयार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे पाचशे अणूंचे तांबे गणकयंत्रात मांडले, एका अणूला धक्का दिला आणि बाकीच्यांची हालचाल न्यूटनच्या नियमांनी क्षणाक्षणाला मोजली. रांगेतून धावणारे धक्के तेथे खरोखरच दिसले.

परंतु धक्के असतात एवढ्याने ठिपके त्यांचेच, हे कसे ठरावे? १९६६ साली लेहमान व सिगमुंड यांनी दाखविले की लांब रांगेची गरजच नाही. पृष्ठावरच्या अणूला त्याच्या लगतच्या खालच्या अणूने ढकलले तरी दिशा तीच येते. ठिपके दोन्ही पक्षांना सारखेच अनुकूल; काचेकडे कितीही पाहिले तरी अणू कोणत्या थरातून आला हे ती सांगत नाही.

गणकयंत्राला मात्र ते विचारता येते. मॉन्टेरे येथील नौदलाच्या विद्यालयात हॅरिसन व सहकाऱ्यांनी १९६८ साली तांब्यावर आर्गॉनचे आयन सोडून (अर्थात गणितात) हेच विचारले. उत्तर आले ते असे, की बहुतेक अणू अगदी वरच्या थरांतूनच निघतात. सिल्सबी यांचे धक्के खरे, पण ठिपक्यांचे श्रेय त्यांच्याकडे फारसे जात नाही.

येथे एक शंका रास्त आहे. काहीशे अणूंच्या ठोकळ्यात खोलवरून येणारी रांग मावणार कोठे? शिवाय दोन अणूंतील प्रतिसारणाचा नियम माणसानेच निवडून यंत्रात घातलेला. तो बदलला की उडणाऱ्या अणूंची संख्याही बदलते. म्हणून ठोकळे वाढवून, नियम बदलून हेच गणित पुढे अनेक वर्षे पुनःपुन्हा केले गेले, आणि दर वेळी ते वेनर यांच्या ठिपक्यांशी ताडून पाहावे लागले.