पाचगणीच्या तुळईतला भुंगा

वाठार स्टेशनावरून निघालेला टांगा वाई मागे टाकून पसरणीच्या घाटाला लागला, की खाली उतरा. घोड्यांच्या तोंडाला फेस आलाय, त्यांना हलकं होऊ द्या. घाम, धूळ आणि तापलेल्या चामड्याचा वास नाकात भरलाय. विसावं शतक नुकतंच लागलंय, एप्रिलचं ऊन टाळूवर आहे आणि तुमच्या काखेत बुचाचा तळ लावलेली लाकडी पेटी आहे. ती सांभाळा! आज तुम्ही किडे जमवणाऱ्या एका साहेबाचे मदतनीस आहात.

रस्त्याकडेच्या रुईवर एक काळं धूड घोंघावतंय. साहेब जाळं उगारून धावतो, "बंबलबी! बंबलबी!" जाळं रिकामंच परत येतं. त्याच्या विलायतेतल्या बागांत असंच गुबगुबीत, घोंघावणारं काहीतरी असतं, म्हणून त्याला आशा वाटते.

वर पोचलात की घाम वाळतो. बाजारात मात्र गर्दी उसळलेली आहे. बटाट्याच्या पोत्यांना ठेचकाळत चाला, मुंबईहून हंगामाला आलेल्या पारशी कुटुंबांच्या ट्रंका चुकवा, हमाल आणि टांगेवाल्यांची हुज्जत ऐका. बंगल्यापाशी जांभळीला मोहर आलाय आणि सातेरी माश्यांनी सगळं झाड गुणगुणतंय.

व्हरांड्यात टेकताय तोच मानेवर भुसा पडतो. वर बघा. तुळईला करंगळी जाईल एवढं गोल भोक आहे आणि आतून करकर ऐकू येतेय.

"भुंगा हाय त्यो," माळीकाम करणारे तात्या सांगतात. "मध न्हाई द्यायचा. निस्ती तुळई पोखरतोय बघा."

या वेळी जाळं चुकत नाही. सायनाइडच्या बाटलीचं बूच उघडताच कडू बदामाचा वास येतो. तोंड बाजूला करा. थोड्या वेळाने भुंगा बुचावर टाचला जातो आणि भिंग तुमच्या हातात येतं.

आता नीट बघा. पाठीचा मागचा भाग तेल लावलेल्या तव्यासारखा काळा आणि चकचकीत, लव जवळजवळ नाहीच. बंबलबीच्या अंगभर दाट लव असते. मागचा पाय बघा. बंबलबीच्या मादीला तिथे परागकण वाहायला गुळगुळीत, कडेला केस असलेली टोपली असते. इथे नुसता केसांचा दाट झुपका. शिवाय बंबलबी बहुधा जमिनीतल्या बिळात किंवा गवताच्या बुडख्यात वसाहत करते. या भुंग्याची मादी लाकडात बोगदा कोरते, परागाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडं घालते आणि भुशाचा पडदा करून पुढची खोली बांधते.

साहेब बिंगहॅमचा 1897 चा जाडजूड ग्रंथ उघडतो. पानांना कापराचा वास आहे. दोन्ही प्रजातींची नावं लात्रेय या फ्रेंच पंडिताने 1802 मध्ये दिलेली: बंबलबी ती बॉम्बस, आपला सुतारी भुंगा झायलोकोपा. बॉम्बसच्या मुक्कामांवरून बोट फिरवा: हिमालय, सिक्कीम. सह्याद्री कुठेच नाही.

साहेब हिरमुसतो. तुम्ही हिरमुसू नका. उडण्याचे स्नायू थरथरवून अंग तापवणारी बंबलबी थंडीत हिंडायला घडलेली आहे. पाचगणीची रात्र गार खरी, पण हिमालय आणि इथली पठारं यांच्या मधे तापलेलं मैदान पसरलंय. जगात बंबलबीच्या अडीचशेहून अधिक जाती, भारतात पन्नासेक. सह्याद्रीत आणि निलगिरीतही एक नाही. "इथे नाही" हीदेखील मोठी नोंद आहे. मात्र ती करायची तर इथे जे आहे ते आधी हातात घेऊन तपासावं लागतं.

नावं फसवतात. एकाच जातीच्या बंबलबीचे रंग डोंगरागणिक बदलतात आणि एकाच डोंगरावर वेगवेगळ्या जाती एकसारख्या दिसू लागतात. म्हणून पंडितांनी एकीला अनेक नावं दिली आणि पुढे ती पुसलीही. सुतारी भुंग्यांच्या काही जातींत मादी काळी, छातीवर पिवळी, तर नर सबंध पिवळट लवेचा. दोघांना वेगळी जात समजणं किती सोपं!

म्हणून टाक शाईत बुडवा आणि टाचणीखालच्या चिठ्ठीवर आधी गाव, तारीख आणि तुळई लिहा, जातीची जागा कोरी सोडा. ग्रंथातलं नाव पुढचा कुणी बदलेल. भुंगा पाचगणीत, लाकडात सापडला, हे कुणालाच बदलता येणार नाही, आणि कुठली जात कुठे राहते याचे सगळे नकाशे अशाच चिठ्ठ्या जोडून तयार होतात. अक्षर स्वच्छ काढा.