व्हिसा नको, पण अटी आहेतच

धाराशिव : जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय विमानतळ नसल्याने परदेशी जाणाऱ्यांना पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. नळदुर्ग, उमरगा परिसरातील प्रवाशांना हैदराबादही सोयीचे पडते. कागदपत्रांतील त्रुटी तिथे पोहोचल्यावर उघडकीस आली, तर ती दुरुस्त करण्यास वेळ उरत नाही आणि तिकिटाचे पैसेही वाया जातात. व्हिसाशिवाय परदेशी जाता येते, याचा अर्थ कोणत्याही अटीविना जाता येते असा नव्हे.

नेपाळ आणि भूतान
भारत व नेपाळ यांच्यात १९५० मध्ये झालेल्या मैत्री करारामुळे भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. मात्र विमानाने जाताना वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र आवश्यक असते. आधार कार्ड केवळ १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील प्रवाशांनाच चालते. १५ ते १८ वयोगटातील विद्यार्थ्यांना मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र वापरता येते. पशुपतिनाथाच्या दर्शनाला निघालेल्या ५० वर्षांच्या यात्रेकरूने केवळ आधार कार्ड सोबत नेले, तर ते पुरेसे ठरत नाही.

भूतानसाठीही पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. तेथे व्हिसा नसला तरी प्रवेश परवाना घ्यावा लागतो. २०२२ पासून भारतीय पर्यटकांना प्रत्येक रात्रीसाठी माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क लागू झाले आहे.

मलेशिया आणि थायलंड
मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांची सवलत दिली व पुढे तिची मुदत २०२६ अखेरपर्यंत वाढविली. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये ३० दिवसांची सवलत सुरू केली आणि जुलै २०२४ मध्ये ती ६० दिवसांची केली. अशा सवलती बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी संबंधित दूतावासाच्या संकेतस्थळावर खातरजमा करणे आवश्यक आहे. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेली सवलत २२ नोव्हेंबर २०२५ पासून स्थगित केली, हे त्याचे अलीकडचे उदाहरण होय.

पात्रतेच्या सर्वसाधारण अटी
* पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी. तिकिटावरील नाव पासपोर्टप्रमाणेच असावे.
* परतीचे तिकीट, निवासाचे आरक्षण आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा सोबत असावा.
* मलेशिया व थायलंडसाठी प्रवासापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन पत्र भरावे. अधिकृत संकेतस्थळांवर ते विनामूल्य भरता येते.
* मुदतीपेक्षा अधिक राहिल्यास दंड होतो. थायलंडमध्ये तो दिवसाला ५०० बाट इतका आहे.

या अटी पूर्ण केल्या तरी प्रवेशाचा अंतिम निर्णय त्या देशाच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचाच असतो. मालदीवमध्ये भारतीयांना पोहोचल्यावर व्हिसा विनाशुल्क मिळतो. त्याला व्हिसामुक्त प्रवेश म्हणत नाहीत.

'उस्मानाबाद' असलेला पासपोर्ट
जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. जुन्या पासपोर्टवर 'उस्मानाबाद' असा उल्लेख असला, तरी केवळ त्या कारणाने तो बाद ठरत नाही. छापलेल्या मुदतीपर्यंत तो वैध राहतो.

नोकरीसाठी ही सवलत नाही
व्हिसामुक्त प्रवेश प्रामुख्याने पर्यटनासाठी असतो; त्यावर नोकरी करता येत नाही. 'आधी पर्यटक म्हणून जा, परवाना तिथे मिळेल' असे सांगणाऱ्या दलालांपासून विशेष सावध राहावे. थायलंडमध्ये नोकरीचे आमिष दाखवून अनेक भारतीय तरुणांना म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या केंद्रांत डांबण्यात आले होते. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांतून ५४९ भारतीयांना मायदेशी आणावे लागले. इराणमध्येही अशाच आमिषाने गेलेल्यांचे खंडणीसाठी अपहरण झाले होते. परदेशी नोकरीचा प्रस्ताव आल्यास दलालाची नोंदणी केंद्र सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासता येते. ती तपासल्याखेरीज पैसे किंवा पासपोर्ट कोणाच्याही हाती देऊ नये.